होझिया पेटवेचं मत

माझा नवरा होझिया पेटवे पोरं बघतो. लग्नासाठी नव्हे, फुटबॉलसाठी, आमच्या अमेरिकेतल्या हाताने फेकायच्या-झेलायच्या फुटबॉलसाठी. अलाबामा आणि मिसिसिपी ही दोन राज्यं त्याच्याकडे. वर्षातले निम्मे दिवस तो गाडीत असतो आणि उरलेले मागच्या खोलीत पडद्यासमोर, सामन्यांचं चित्रण बघत. कॉलेजातलं कुठलं पोर एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक क्लब नवी पोरं निवडतात तेव्हा, उचलायचं आणि कुठल्याला हात लावायचा नाही, हे त्याने क्लबाला लिहून द्यायचं. गावात कुणी काही विचारलं तर याचं उत्तर ठरलेलं, ‘हवा छान पडलीय.’ लोकांचे नवरे घरी आले की बडबडतात, माझा मेला मिठाची गुळणी धरून बसतो.

रिसिव्हर बघायची, म्हणजे लांबून फेकलेला चेंडू झेलणारी पोरं बघायची त्याची एक पद्धत आहे. झेल तो सगळ्यात शेवटी बघतो. झेलता येतंच, म्हणतो, नाहीतर पोरगा इथवर आला कसा? आधी बघतो ते पाय. जोरात पळता पळता थांबायला किती जागा लागते? मग बघतो, अंगावर माणूस येतोय हे दिसत असताना नजर चेंडूवरून हलते का. आणि कॉलेजात गेला की प्रशिक्षकाला नंतर भेटतो, आधी पोरांचे कपडे धुणाऱ्याला भेटतो. प्रशिक्षक काय, आपल्या पोरांचं कौतुकच करणार.

तर आमच्या चर्चमधल्या मिस ओडेसा लिगनचा नातू टेरेल. आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मिसच म्हणतात. आई लहानपणीच गेली, ओडेसानेच त्याला वाढवलं. कॉलेजची तीन वर्षं झाली होती, एक उरलं होतं. त्या हंगामात पोराने असे काही चेंडू झेलले की पेपरात फोटो यायला लागले. झालं, डोक्यात भूत शिरलं की आताच ड्राफ्टला नाव द्यायचं. नाव दिलं आणि मुदत उलटली की कॉलेजातला खेळ संपला, परतीची वाट नाही. आधी मत विचारायला लीगची एक समिती असते. तिने ‘अजून एक वर्ष थांब’ असं कळवलं होतं. पण टेरेलचा मामेभाऊ रॉस्को त्याचा एजंट व्हायला टपलेला. तो म्हणाला, समिती सगळ्यांनाच तसं सांगते.

ओडेसाला नातवाची पदवी हवी होती. त्यांच्या घरात अजून कुणाला मिळाली नव्हती. तिने मला गाठलं, तुझ्या नवऱ्याला तरी विचार म्हणाली. मी विचारलं. होझियाने चित्रण थांबवलं आणि सांगितलं की नाव न दिलेल्या पोराशी क्लबाच्या माणसाने ड्राफ्टबद्दल अक्षरही बोलायचं नाही, असा नियम आहे. बोललं तर नोकरीवर गदा. वर म्हणतो, तू मला काही विचारलंच नाहीस.

पण ओडेसा काही कच्ची नाही. मुदतीच्या आदल्या रविवारी तिने आम्हा दोघांना जेवायलाच बोलावलं. तळलेला मासा, मक्याचा पाव, पालेभाजी, सगळं होझियाच्या आवडीचं. टेरेल होता, रॉस्कोही होता. होझिया खाली मान घालून जेवत होता. रॉस्को म्हणाला, “मिस्टर होझिया, निदान माशावर तरी मत द्या. का त्यालाही क्लबाची परवानगी लागते?” सगळे हसले. होझिया म्हणाला, मासा झकास आहे.

मग ओडेसाने काटा खाली ठेवला. तिचे गुडघे पार गेलेत, नातवाची पदवी बघायला वर्षभराने चालत जाता येईल का सांगता येत नाही, असं ती अगदी शांतपणे बोलली. उद्या हे पोर सही करणार आणि त्याला खरं सांगणारा माणूस माझ्याच टेबलाशी बसून मासा खातोय, असंही म्हणाली. टेरेल लाजेने लाल झाला. होझियाने हात पुसले. चांगला वेळ लावून पुसले.

“टेरेल, या वर्षी तुला कुणी घेणार नाही.”

रॉस्को मध्ये बोलायला गेला, होझियाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“चेंडू आपल्याकडे येणार नाही हे तुला आधी माहीत असतं ना, तेव्हा तू पहिल्या पावलालाच ढिला पडतोस. समोरच्या पोरांनी हे ऑक्टोबरातच ओळखलं. तू ढिला दिसलास की ती तुला सोडून दुसऱ्याच्या मागे जातात. वर लीगमध्ये तर पहिल्या दिवशी ओळखतील. सवय मोडेल तुझी, पण तिला एक अख्खा हंगाम लागेल. तो तुला कॉलेजातच मिळेल, दुसरीकडे कुणी देणार नाही.”

टेरेल उठून ओसरीवर गेला. रॉस्को म्हणाला, हे नियमाबाहेर झालं, मी क्लबाला कळवू शकतो. मी म्हटलं, “कळव की. पण आधी ते ताट इकडे दे.”

टेरेलने सही केली नाही, तो कॉलेजात परत गेला. एप्रिलमध्ये ड्राफ्ट झाला आणि मे महिन्यात क्लबाने होझियाला घरी बसवलं. तीस वर्षांची नोकरी, फोनवर दोन वाक्यांत संपली. रॉस्कोच्या नावाने मी इतकी बोटं मोडली की हात दुखले.

सुट्टी लागल्यावर टेरेल आला. दारातच उभा राहिला, आत येईना. मला म्हणाला, “मिस व्हर्नेल, देवाशपथ, मी कुणाला बोललो नाही. रॉस्कोलाही बोलू दिलं नाही. त्याने कबूल केलंय माझ्यापाशी.”

“मला माहीत आहे,” होझिया आतून म्हणाला. “मीच कळवलं.”

त्या रविवारनंतर, सोमवारी सकाळीच याने साहेबाला फोन केला होता; साहेबाने ड्राफ्ट होईपर्यंत तेवढं काम करून घेतलं. का, तर जे मत क्लबाने याच्याकडून पगार देऊन घ्यायचं, ते याने पोराला आधीच देऊन टाकलं होतं. ते लपवून पुढचा पगार घ्यायचा कसा? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तरी सांगायचं होतंस, म्हटलं. तर म्हणतो, तू फोन हातात घेऊ दिला नसतास. नसताच दिला. त्याचा राग आला, त्याचा अभिमान वाटला आणि त्यात मला रडू फुटलं, म्हणून आणखी राग आला.

 टेरेलने विचारलं, “म्हणजे आता तुम्ही कुठल्याच क्लबाचे नाही?”

“नाही.”

“मग आता माझ्याशी बोललेलं चालतं.”

होझियाने त्याच्याकडे बघितलं, बूट चढवले आणि दोघं मागच्या अंगणात गेले. अंधार पडायच्या सुमाराला मी जेवायला हाक मारली, थोड्या वेळाने पुन्हा मारली. शेवटी दोघांची ताटं झाकून ठेवली.