गेझाची तिसरी शर्यत

होल्स्टाइनच्या तळ्याकाठी ब्रोडरसनांचा गोठा आहे. त्या घरातली गेझा चौदाव्या वर्षापर्यंत गवत ओढायची, मग वल्हं ओढू लागली. घाई तिला कधी मानवलीच नाही. वल्हं पाण्यात टाकायचं, पाठ लांब न्यायची, पाणी पोटाशी आणून सोडायचं. याच संथ ओढीनं तिनं तीनदा देशाचं अजिंक्यपद आणलं. आईनं पदकं दुधाच्या किटल्यांशेजारी टांगली.

चौतिसाव्या वर्षी मात्र तिच्या जागेला टोम्के भिडली. वय बावीस, ताडमाड उंच. जागतिक स्पर्धेच्या होडीतल्या तीन जागा ठरल्या होत्या. चौथी या दोघींपैकी एकीची. रीत जुनीच. चौघी-चौघींच्या दोन होड्या पळवायच्या, मग भर पाण्यात या दोघींनी आपापसात जागा बदलायच्या आणि पुन्हा पळायचं. जिच्या येण्यानं होडी पुढे जाईल, ती निवडली.

पहिल्या शर्यतीत गेझाची होडी होडीच्या अर्ध्या लांबीनं पुढे आली. अदलाबदल झाली. नव्या जागी बसताच गेझानं पाय रोवायची फळी सैल केली आणि आपल्या पायांच्या मापाला सरकवली. सावकाश, एकेक स्क्रू आवळत.

"आजीबाई, अंथरूण घालताय का?" पलीकडून टोम्के ओरडली.

"तूही तुझी फळी सरकव. माझे पाय आखूड आहेत."

"पाच मिनिटं तर मी टोपलीतही बसेन!"

टोम्के गुडघे हनुवटीशी घेऊन पळाली आणि सबंध एका लांबीनं मागे पडली. मोटारबोटीतून कोच हार्टविग म्हणाला, "झालं. स्पर्धेला गेझा जाणार."

"नाही झालं. ती मुडपून बसली होती. पुन्हा घ्या."

"अगं, निवडलंय मी तुला! डोकं फिरलंय का?"

"मला टोम्केला हरवायचंय, हार्टविग. फळीला नाही."

टोम्केचे कान लाल झाले. वाकून तिनं फळी पार लांब सरकवली, दोनदा हलवून पाहिली.

तिसरी शर्यत सुटली. पाय मोकळे झाल्यावर काय ओढत होती पोरगी! वल्हवणाऱ्याचं तोंड मागं असतं. पुढे गेलेली होडी त्याला दिसत नाही, तिचं पाणी तेवढं ऐकू येतं. गेझाला ते ऐकू येत होतं, आणि लांब जात होतं.

"वेग वाढव ना!" पाठीमागची मुलगी रडकुंडीला आली.

"नाही. लांब ओढा. माझ्याबरोबर."

ओढीमागून ओढ. ते पाणी जवळ येत गेलं. मग डोळ्याच्या कडेला टोम्केच्या होडीचं शेपूट दिसलं, मग टोम्केची वाकलेली मान, मग सगळी होडी. शेवटच्या खुणेपाशी गेझा दीड हात पुढे होती.

"चौथी शर्यत घेऊ का, बाईसाहेब?" हार्टविगनं विचारलं.

"मला नका विचारू. तिला विचारा."

टोम्के होडीत उताणी पडली होती. तिनं नुसता हात वर केला. "नको गं बाई. तूच जा."