दाराबाहेरचा थोरला

पडदेवाल्या बाईंच्या घरात देवाधर्माचं शिक्षण शिवणयंत्राशेजारी चालायचं. संध्याकाळी शेवटच्या पडद्याच्या चुण्या टाचून झाल्या आणि यंत्रावर झाकण चढलं, की त्या खाली सांडलेली चिंध्यांची रास पुढे ओढायच्या आणि हाक मारायच्या, "चला, कोण कोण येतंय येशूच्या गोष्टीला?"

येणारी दोनच, त्यांचीच पोरं. सात वर्षांची ठकी, आणि तिच्यामागे शेपटासारखा टिल्लू. टिल्लूला गोष्टीपेक्षा चिंध्यांत लोळायला जास्त आवडायचं.

गोष्टीतली माणसं बाई चिंध्यांचीच करायच्या. अस्तराच्या कापडाची मेंढरं, मखमलीचे राजे, जाळीचे देवदूत. त्यांच्या आईने त्यांना आणि धाकट्या बहिणीला असंच शिकवलं होतं, बटाटे सोलता सोलता, बटाट्यांची माणसं करून. मग त्या माणसांची भाजी व्हायची आणि धाकटी रडायची.

तर हे सगळं सुरळीत चाललं होतं. घोडं अडलं ते प्रार्थनेत.

गोष्ट संपली की डोळे मिटून सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना म्हणायची, असा नेम. एकदा बाईंच्या लक्षात आलं, मधल्या एका ओळीला ठकीचा आवाज बंद पडतो आणि पुढच्या ओळीला पुन्हा सुरू होतो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी टिल्लूही त्याच ओळीला गप्प झाला. त्याचं सगळंच ताईच्या पावलावर पाऊल.

"ठके, मधली ओळ खाल्लीस."

"खाल्ली नाही. सोडली."

"का गं?"

ठकीने आधी बाबांकडे पाहिलं. ते दिवसभर मालाची गाडी हाकून आले होते आणि भिंतीला टेकून मोजे काढत होते. मग ती म्हणाली, "आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, असं आहे ना त्यात? म्हणजे आपण नाही केली, तर तोही नाही करणार."

"बरोबर."

"म्हणून मी सोडते. तूही ती ओळ म्हणू नकोस, आई. मावशीशी तू बोलत नाहीस. देवाने ऐकलं आणि खरंच तसं केलं, तर वर स्वर्गात आजीकडे तुला कसे सोडतील?"

बाबांचा एक मोजा हातातच राहिला. "घ्या," ते म्हणाले. "आणखी शिकवा." पण बाईंचा चेहरा पाहून पुढचा विनोद त्यांनी गिळला.

बाई काहीतरी बोलल्या. मोठ्यांच्या गोष्टी वेगळ्या असतात, वेळ लागतो, वगैरे. बोलताना त्यांना स्वतःलाच ते कच्च्या टाक्यासारखं वाटलं, जरा ओढलं की सुटेल असं. ठकीने ते शांतपणे ऐकून घेतलं. पटलेलं नसतानाही मोठ्यांचं मन राखावं, तसं.

खरी गोष्ट अशी होती. बाईंची आई धाकट्या बहिणीकडे राहायची. आईने शेवटी अन्नपाणी सोडलं, तरी धाकटीने बाईंना कळवलं नाही. कळवलं ते सगळं संपल्यावर. बाई पोचल्या तेव्हा शवपेटीवर झाकण लागलेलं होतं. "आईच म्हणाली, ताईच्या मागे कामाची घाई आहे, तिला उगीच धावायला लावू नकोस," धाकटी म्हणाली. बाईंना ते खरं वाटलं, आणि तिथेच सगळं अडलं. आईचा स्वभाव तसाच होता. धाकटी खोटं बोलली असती, तर चार शब्द सुनावून मोकळं तरी होता आलं असतं. या खरं बोलणाऱ्या बहिणीचं काय करायचं, ते त्यांना आजवर कळलं नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी ठकीने स्वतःच दोन मुलांच्या बापाची गोष्ट मागितली. धाकटा उधळून, वाट चुकून, फाटका होऊन परत येतो आणि बाप त्याला मिठी मारतो, ती. बाईंनी बुटांच्या खोक्याचं घर केलं. धाकटा ताग्याच्या फाटक्या कडेचा, थोरला चांगल्या निळ्या मखमलीचा. घरात वाजतगाजत जेवण, आणि थोरला शेतावरून येऊन दाराशीच अडून बसलेला. मी आत येणार नाही म्हणतो. बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो.

"मग आला का तो आत?" ठकीने विचारलं.

बाईंनी ही गोष्ट लहानपणापासून ऐकली होती, शंभरदा सांगितली होती. "ते लिहिलेलं नाही गं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे तो अजून बाहेरच आहे?"

"त्याला भूक लागली असेल," टिल्लू म्हणाला.

निळा थोरला खोक्याबाहेर राहिला. चिंध्या आवरताना बाईंनी त्याला उचललं नाही.

रविवारी देवळात उपासनेच्या मध्ये पाळक म्हणाले, "एकमेकांना शांती द्या." सगळे वळून वळून हात मिळवू लागले. धाकटी नेहमीसारखी मागच्या बाकावर, एकटी. एरवी बाई पुढच्यांशी हात मिळवायच्या आणि मागे वळायचं विसरल्यासारखं करायच्या. त्या दिवशी ठकी त्यांच्याकडे बघत होती. 

बाई वळल्या.

धाकटीच्या अंगात आईचा करडा स्वेटर होता. त्याचं वरचं बटण तुटलेलं, ते बाईंना ठाऊक होतं. येऊन लावून देईन म्हणाल्या होत्या, राहूनच गेलं. आता तिथे बटण होतं. लाल दोऱ्याने, वाकडंतिकडं, धाकटीच्या हातचं. म्हणजे आईने शेवटी ते तिच्याकडून लावून घेतलं होतं.

धाकटीने हात पुढे केला होता. "ताई," ती एवढंच म्हणाली.

बाईंचाही हात उठला होता. तो अर्ध्या वाटेवरून वळला आणि टिल्लूची कॉलर नीट करू लागला. कॉलर नीटच होती. गाण्याची बाजाची पेटी वाजायला लागली, सगळे पुढे वळले.

 संध्याकाळी प्रार्थनेला बसल्यावर ठकी म्हणाली, "तू हात वर केला होतास. मी पाहिलं."

"हो."

"मग खाली का घेतलास?"

"नाही जमलं, ठके."  मुलांसमोर कधी न वापरलेलं ते वाक्य होतं. "मला ते करायचंय, आणि मला ते येत नाही."

डोळे मिटून प्रार्थना सुरू झाली. ती ओळ आली तशी सगळं घर गप्प झालं. बाबासुद्धा. बाईंनी ओठ उघडले, पण आवाज बाहेर फुटेना. मग पुढची ओळ ठकीने उचलली आणि सगळे तिच्यामागे निघाले.

आमेन झाल्यावर बाईंनी निळा थोरला उचलला आणि खोक्याच्या दारातून आत सरकवायला वाकल्या.

"तू नको ठेवूस," ठकी म्हणाली. "त्याचं त्यालाच यायला हवं."

बाईंनी त्याला होता तिथे ठेवलं, दाराबाहेर.  मग ठकीने खोक्यातून चिंध्यांचा बाप बाहेर काढला, थोरल्याच्या शेजारी बसवला, आणि हात धुवायला निघून गेली.