राजाने मुलीला काय विचारलं

यांची बदली कलकत्त्याला झाली आणि आम्ही गार्डन रीचच्या रेल्वे कॉलनीत राहायला आलो. मुलगी तेव्हा पहिलीत होती. माझी शाळा चौथीपर्यंतची, बंगाली येत नाही, हिंदी अडखळत. मी फारशी कुणाकडे जात नसे.

दिवाळीला नागपूरहून यांची धाकटी बहीण आली. मॅट्रिक झालेली, लग्नाआधी घर डोक्यावर घेणारी. या वेळी आली ती वाळलेली. ताटावर बसली की भाजी पुन्हा घेण्याआधी माझ्याकडे बघायची, घेऊ का म्हणून. मी काय ते समजले. तिला सासरी परत जायचं नव्हतं. पण भावाला ते सांगायचं धाडस होत नव्हतं आणि यांनी तर परतीचं रिझर्वेशनही करून ठेवलं होतं.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी रेल्वेच्या क्लबात इंग्रजी सिनेमा होता. मैदानात पांढरा पडदा लावायचे, बायकांच्या खुर्च्या एका बाजूला. मी म्हणाले, "वन्सं, मला त्यातलं काही कळायचं नाही."

"मी सांगते ना कानात. आणि वन्सं काय म्हणतेस गं, तुझ्याहून केवढी लहान आहे मी."

जुन्या काळातली गोष्ट होती. दोन राजकन्या सणाच्या रात्री साध्या मुलींचे कपडे घालून राजवाड्यातून पळतात. एक बाजारात नाचते, दुसरी दूधवाल्याच्या गाडीत झोपून भलत्याच गल्लीत पोचते. शिपाई त्यांना शोधत धावतात. ती सगळं मराठीत सांगत होती, मध्येच पदरचंही घालत होती. एक शिपाई चिखलात पडला तर म्हणाली, "हे बघ, आमचे मामंजी. मिश्यासुद्धा तशाच." मला हसू आवरेना. पुढची बंगाली बाई वळून, जरा हळू अशी खूण करत म्हणाली, "बौदी, एकटू आस्ते." त्यावर आम्ही तोंडात पदर कोंबून आणखीच हसलो. तिला हसताना मी त्या खेपेला पहिल्यांदा पाहत होते.

शेवटी सकाळ होते. थोरली राजकन्या विस्कटलेल्या केसांनी राजवाड्याच्या दारात येते. राजा उभाच असतो. मला वाटलं, आता हा ओरडणार. पण तो हळूच काहीतरी बोलला. माझ्या कानाशी तिचं सांगणं एकदम थांबलं.

"काय म्हणाला गं तो?"

ती म्हणाली, "विचारतोय, बाहेर कसं होतं?"

घरी येताना ती एवढंच बोलली, "वहिनी, आपल्याकडे कुणी विचारत नाही, ना?"

घरात हे तिचा होल्डॉल बांधत होते. यांच्यासमोर असल्या विषयात मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी तिला विचारलं, "वन्सं, तिथे कसं असतं?"

यांचा हात पट्ट्यावर थांबला. तिने भावाकडे पाहिलं. यांनी मान वर केली नाही.

"बरं असतं," ती म्हणाली.

"झालं तर," हे म्हणाले आणि पट्टा ओढला.

निघणाऱ्याच्या हातावर दही घालायचं, माणूस परत यावा म्हणून. सकाळी बघितलं तर घरचं विरजण लागलं नव्हतं. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून मातीच्या भांड्यातलं तिकडचं गोड दही आणलं आणि तेच घातलं. तिने चाटलं. "गोड आहे गं वहिनी. हे चालतं का?" मी चालतं म्हणाले. हावड्याला हे एकटेच तिला पोचवायला गेले.

पावसाळ्यात नागपूरहून तार आली. ताप आला होता, असं तिच्या सासरचे म्हणाले. आम्ही पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं.

पुढे कधीतरी जेवताना यांनी मला विचारलं, "त्या संध्याकाळी तू तिला तसं एकदम का विचारलंस?" मी सिनेमातल्या राजाचं सांगितलं. यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि हात धुवायला उठले. मोरीतला नळ बराच वेळ वाहत होता.

मुलीचं लग्न झालं. पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा मी भाकरतुकडा ओवाळून टाकला. यांनी तिच्या हातातली बॅग घेतली, पण खाली ठेवली नाही. तिला पाणीसुद्धा दिलं नव्हतं अजून.

"कसं असतं तिथे?"

"बरं असतं, बाबा."

हे बॅग धरून तसेच उभे राहिले.

"नीट सांग," म्हणाले.