द्राक्षांबद्दल काहीही विचारा

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या शरयूकाकू खांबेटे यांना प्रश्न पडला नाही असा दिवस अजून उजाडायचा आहे. आयुष्यभर त्यांनी सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, म्हणजे दुसऱ्यांच्या कामात नाक खुपसण्याचा पगार घेतला. रिटायर झाल्यावर पगार थांबला, नाक थांबलं नाही. प्लंबर आला की त्याच्याबरोबर काकूंचंही डोकं सिंकखाली. नवरा दिगंबर सांगतो, "एअरपोर्टवर ऑफिसरने हिला एक प्रश्न विचारला, तर हिने त्यालाच चार विचारले." यात तिखटमीठ नाही, असंच झालं होतं.

गेल्या सप्टेंबरात शेजारची लिंडा गाडीत बादल्या चढवत होती. बादल्यांत जांभळी, बोराएवढाली द्राक्षं. काकू लगेच कुंपणाशी हजर. ही कसली? मस्कडाइन, इकडचीच जात. साल इतकी जाड कशी? यांचं करणार काय? वाइन. घरी? नाही, हॅरल्डच्या कोठारात. हॅरल्ड कोण? शेवटी लिंडाने हात टेकले आणि बादल्यांबरोबर काकूंनाही गाडीत घातलं.

हॅरल्ड हा गावाबाहेर छोटासा द्राक्षमळा आणि वाइन विकायचं लायसन्स असलेला म्हातारा. दर वर्षी तो आपली एक टाकी गावाला देतो. परसात वेल असेल त्याने द्राक्षं आणायची, नसेल त्याने राबायचं. मार्चमध्ये बाटल्या भरायच्या, विकायच्या, आणि सगळा पैसा जवळच्या रॉली शहरातल्या एका निवाऱ्याला. घर सुटलेल्या आया तिथे मुलांना घेऊन राहतात. त्या बायकाही कोठारात कामाला येतात, म्हणून हॅरल्डचा एकच नियम: इथे द्राक्षांबद्दल काहीही विचारा, माणसांबद्दल काही विचारायचं नाही. देणारं कोण आणि घेणारं कोण, हे कळायचं कारण नाही.

नियम ऐकून काकूंचा चेहरा एवढासा झाला. पण मग त्यांनी सगळी हौस द्राक्षांवर भागवली. वर आलेला सालींचा थर दांड्याने खाली दाबताना त्या टाकीला कान लावून ऐकत. आत बारीक फसफस चाललेली असे. काय बोलतंय हे? साखर संपली की हे गप्प कसं होतं? काकू दारूच्या थेंबाला कधी शिवल्या नव्हत्या, पण आंबवण्यातलं आपल्याला कळतं असा त्यांचा समज होता. थंडी पडली तशी त्यांनी इडलीच्या पिठाला गुंडाळतात तशी टाकीला गोधडी गुंडाळली. हॅरल्ड धावत आला. फार ऊब झाली तर सगळा माल बिघडेल म्हणाला. काकूंनी गोधडी काढली आणि विचारलं, "का बिघडेल?" बिचारा दुपारभर समजावत बसला.

"आता म्हातारपणी हातभट्टी लावणार का?" दिगंबर घरी विचारायचा. काकू म्हणायच्या, "अहो, चांगल्या कामाला आहे ती."

बाटल्या भरायच्या दिवशी जास्त हात लागतात, म्हणून काकूंनी मराठी मंडळातल्या शैलाला गळ घातली. शैला म्हणजे मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची अॅडमिन. मनाने वाईट नाही, पण तिला सकाळी कळलेलं संध्याकाळपर्यंत पुण्या-नागपूरला पोचलेलं असतं. "येते यार, फोटो मस्त येतील," ती म्हणाली. "पण काही म्हण हं शरयू, आपल्या लोकांत असं बेघर वगैरे कोणी नसतं."

काकूंनाही तसंच वाटत होतं.

त्या शनिवारी कोठारासमोर निवाऱ्याची पांढरी व्हॅन थांबली. उतरलेल्या बायकांपैकी एक काकूंच्या शेजारी, बुचं ठोकायच्या यंत्रापाशी येऊन उभी राहिली. तिशीची, केसांची घट्ट वेणी. काकूंना वाटलं, असेल मेक्सिकोकडची. तेवढ्यात बूच निसटलं, वाइन उडाली, आणि ती पुटपुटली, "अगं बाई!"

काकू जागच्या जागी उडाल्या. मराठी! तोंडात प्रश्नांची रांग लागली. कुठली तू? इथे कशी? नवरा काय करतो? ही वेळ कशी आली? आणि त्या बाईने मान वर केली. चोरी पकडली गेल्यावर होतो तसा तिचा चेहरा झाला होता. काकूंनी तोंड मिटलं. आयुष्यात इतकं कठीण काम त्यांनी केलं नसेल.

बऱ्याच बाटल्या गेल्यावर तीच हळूच बोलली. "मी संध्या. नवऱ्यापासून वेगळी झालेय. डिपेंडंट व्हिसा, त्यामुळे जॉब करता येत नाही. मुलगी आहे, शाळेत जाते." मग बूच दाबून धरत म्हणाली, "काकू, नागपूरला आईला वाटतं, मी मैत्रिणीकडे सुखात आहे. तिचं हार्टचं ऑपरेशन झालंय. निवाऱ्याचं तिच्या कानावर गेलं तर ती सहन नाही करू शकणार. कुणाला सांगू नका."

"नाही सांगत," काकू म्हणाल्या. वेगळी का झालीस, हा प्रश्न जिभेच्या टोकावर आला होता. तो त्यांनी गिळला.

आणि नेमकी तेव्हाच शैला फोन उंचावत आली. "अय्या, तुम्ही मराठी बोलताय? कुठल्या तुम्ही?"

"नागपूर," संध्याच्या तोंडून निघून गेलं.

"अगं, माझं माहेर नागपूर! मग इथे राहता कुठे? मंडळात कधी दिसला नाहीत!"

संध्याचा हात यंत्राच्या दांडीवर तसाच राहिला. तिने काकूंकडे पाहिलंसुद्धा नाही. काकूंना शैलाचा इतका राग आला, आणि मग लक्षात आलं की हे सगळे प्रश्न आपणच विचारणार होतो.

"माझ्याकडे," काकू म्हणाल्या. "माझ्याकडे राहते ती."

"तुझ्याकडे? आणि मला पत्ता नाही? उद्या येतेच मी चहाला!" शैला म्हणाली आणि फोटो काढायला पुढे गेली.

काकूंनी तिथेच दिगंबरला फोन लावला. "अहो, वरच्या खोलीतला तुमचा पसारा आवरा. आजच." पलीकडून का, कशाला, कोण येतंय, अशी सरबत्ती सुरू झाली. "काही विचारू नका हो," काकू म्हणाल्या, आणि फोनच्या त्या टोकाला दिगंबर अवाक झाला.

संध्या म्हणाली, "काकू, एवढ्यासाठी खोटं कशाला... उद्या ती खरंच आली तर?"

"येऊ दे. तोवर खोटं राहणार नाही. म्हणजे तुला पटलं तर हं. मी तुला न विचारता बोलून बसले." उपकार केल्यासारखं वाटू नये, नाही म्हणायची हिला मोकळीक असावी, आणि तरी हिने नाही म्हणू नये, असं सगळं एकदमच त्यांना वाटत होतं. "येतेस का गं?"

संध्या रडायला लागली, तशीच पुढचं बूच यंत्रात बसवत राहिली. मग बाहीने डोळे पुसून म्हणाली, "माझी मुलगी फार बडबडी आहे, काकू. दिवसभर नुसते प्रश्न विचारते. चालेल?"