हिल्केची लाइन

माझी बायको हिल्के स्वभावाने गरीब नाही, हे आधीच सांगून टाकतो. गावात कोणी तिला गर्विष्ठ म्हणते, कोणी फटकळ, आणि दोघांचेही बरोबर आहे. संध्याकाळी आम्ही गाडीतून बंधाऱ्याच्या रस्त्याने निघालो की काचेवर बोट टेकवून ती घरे मोजायला लागते. "हे माझं. तेही माझं. ते कोपऱ्यावरचं नाही हं, तिथे नॉर्डन शहरातल्या वायरमनने हात मारलाय, दिसतंच आहे." माझे म्हणजे त्या घरातल्या तारा तिने ओढलेल्या, चोरांसाठीचा अलार्म तिने बसवलेला. रस्त्यावरून भिंतीतली तार कोणाला दिसत नाही. हिल्केला दिसते. आमच्या स्वतःच्या दारावरची घंटा मात्र लग्नापासून वाजलेली नाही, आणि मी तो विषय काढत नाही.

मी दुधाच्या टँकरवर चालक आहे, त्यामुळे या भागातले प्रत्येक घर मलाही माहीत आहे, पण ते गोठ्याच्या बाजूने. हिल्के लहान वयात टेलिफोन खात्यात लागली, खांबांवर चढली, आणि खात्याने माणसे कमी केली तेव्हा एक जुनी व्हॅन घेऊन अलार्म बसवायला निघाली. तेव्हा आमच्याकडे दारांना कुलूप लावायची पद्धत नव्हती. लोक हसले. चोर येऊन नेणार काय, मेंढ्या का, असे तिला तोंडावर विचारले. पुढे शहरातल्या लोकांनी इथे सुट्टीसाठी घरे बांधली, मागोमाग चोऱ्याही आल्या, आणि हसणारेच आमच्या दारात उभे राहिले. हिल्केने त्यांना चांगली वाट बघायला लावली. म्हटले ना, स्वभावाने गरीब नाही.

तिची एक गोष्ट मात्र गावाला खरोखर लागायची. ती कामावर चहा घेत नसे. आमच्या ओस्टफ्रीसलँडमध्ये, म्हणजे जर्मनीच्या या समुद्रकाठच्या कोपऱ्यात, घरात पाऊल टाकलेल्या माणसाने चहा नाकारणे म्हणजे घरच्या बाईला तोंडावर नावे ठेवणे. चहाही एक कप नव्हे. खडीसाखरेवर गरम चहा पडून ती तडकली पाहिजे, साय कडेने सोडली पाहिजे, आणि तिसऱ्या कपाआधी उठायचे तर निदान घराला आग तरी लागलेली हवी. हिल्के म्हणायची, हातात पक्कड असताना कप नको. काम संपवून बॅग बंद केली की ती थेट घरी यायची आणि चहा माझ्याकडून करून घ्यायची. त्यामुळे अर्ध्या गावातल्या घरांत तिने तारा ओढल्या होत्या, पण पाहुणी म्हणून ती कुठेच बसलेली नव्हती.

त्या वर्षी वसंतात आल्मुटआजींच्या घरची लाइन बिघडली. आल्मुट फोल्केर्ट्स म्हणजे बंधाऱ्याखालच्या लाल विटांच्या घरातली म्हातारी, ऐंशी ओलांडलेली, ताठ, एकटी. मुलगा एनो हानोव्हरला विमा कंपनीत. तो माझा शाळेतला वर्गमित्र. माणूस चांगला, पण आईच्या काळजीने पोखरलेला, आणि त्याचे कारणही तसेच होते. आदल्या हिवाळ्यात म्हातारी अंगणात घसरून पडली आणि टपाल टाकणारी बाई येईपर्यंत बर्फात पडून होती. त्यानंतर एनोने हिल्केकडून अलार्म बसवून घेतला. ओसरीच्या भिंतीवर पेटी, आजींच्या गळ्यात बटण. बटण दाबले की पेटी फोनच्या लाइनवरून ब्रेमेन शहरातल्या मदत केंद्राला फोन लावते आणि पेटीतून माणसाचा आवाज येतो. शिवाय रोज दुपारी पेटी आपणहून ब्रेमेनला फोन करून सगळे ठीक आहे असे कळवते. तो फोन आला नाही, तर संध्याकाळी केंद्रवाले एनोला सांगतात.

आणि तो फोन चुकायला लागला. रोज नाही. दोन-चार दिवस व्यवस्थित, मग एक दिवस चुकला, मग परत ठीक. संध्याकाळी निरोप मिळाला की एनोच्या काळजाचे पाणी व्हायचे. तो आईला फोन लावायचा, आई पहिल्या घंटेला उचलायची आणि मी जेवतेय म्हणून त्यालाच झापायची. ब्रेमेनचे लोक म्हणाले, आमच्याकडे सगळे नीट आहे, घरातले काम कच्चे असणार. घरातले काम म्हणजे हिल्केचे काम.

हिल्के गेली. तिने लाइन मोजली, प्रत्येक जोड उघडून पाहिला, ओल शोधली. बैठकीतल्या फोनचा रिसीव्हर काढून ठेवून पेटी चालवून बघितली. पेटीने फोनला बाजूला सारून लाइन आपल्याकडे ओढली. हाच तर तिचा मोठेपणा होता. तिच्या घरांत रस्त्यावरून आलेली लाइन आधी अलार्मच्या पेटीत जाते आणि तिथून पुढे फोनला, म्हणजे फोन उचललेला राहिला तरी पेटीचे काही अडत नाही. तरीही तिने आजींना विचारून घेतले, रिसीव्हर कधी बाजूला काढून ठेवता का. आजी भडकल्या. फोन बाजूला ठेवायला मी अजून तेवढी म्हातारी झालेली नाही, म्हणाल्या.

हिल्केने पेटीच बदलली. काही दिवस बरे गेले आणि पुन्हा एक फोन चुकला. मग एनोने आईला सांगून टाकले की तो रविवारी येतोय. तोपर्यंत लाइन भरवशाची झाली तर ठीक, नाहीतर तिने त्याच्याबरोबर हानोव्हरला यायचे. त्याच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात खोली बोलून ठेवली होती. आजींनी हे कोणाला सांगितले नाही, फक्त हिल्केला सांगितले. हिल्केने मला सांगितले आणि जेवण अर्धे टाकून ती व्हॅनमधली बॅग तपासायला गेली.

शनिवारी शिडी धरायला म्हणून मीही गेलो. दुपार होईपर्यंत तिने ते घर पिंजून काढले. केसांत जळमटे, गुडघ्यांना माती, आणि हाती काही नाही. शेवटी ती ओसरीच्या फरशीवर बसली आणि पेटीकडे बघत राहिली. तिला अशी हात टेकून बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

आल्मुटआजी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "उठ पोरी," म्हणाल्या. "उद्या या वेळेला मी कुठे असेन कोण जाणे. आज तरी माझ्या हातचा चहा घे. काम राहू दे."

हिल्केने उघड्या बॅगेकडे पाहिले. मग ती उठली, हात धुतले आणि खुर्ची ओढून बसली. ती रडली असती तरी मी इतका घाबरलो नसतो.

आजींनी आतले गुलाबाच्या नक्षीचे कप काढले. खडीसाखर टाकली, चहा ओतला, साय सोडली. मग बसण्याआधी, आपण सहज बाही सारखी करावी तसा, त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर काढला, खिडकीत आडवा ठेवला आणि तो कुईकुई करू नये म्हणून त्यावर किटली गरम ठेवायची लोकरीची टोपी घातली. आणि त्या बसल्या.

हिल्केचा कप ओठांजवळच थांबला. "आजी, हे काय?"

"काय?"

"फोन."

"पाहुणे बसलेत ना. पाहुण्यांना बसवून फोनवर बोलायची आमच्या घरची पद्धत नाही."

"तुम्ही तर म्हणालात, बाजूला कधीच ठेवत नाही."

"बाजूला कुठे ठेवलाय?" आजी म्हणाल्या. "चहा चाललाय."

तेवढ्यात ओसरीत पेटीची खटखट सुरू झाली. रोजचा फोन लावायची तिची वेळ झाली होती. खटखट, थांबली, पुन्हा खटखट. फोन लागत नव्हता. मी अर्धा उठलो, तर टेबलाखाली हिल्केने माझ्या पायावर बूट दाबला. मी बसलो. ती पहिला कप प्यायली. दुसरा प्यायली. साखर कुठून आणता म्हणून विचारले, मेंढीला कोकरे किती झाली ते विचारले. बाहेर पेटी जिवाच्या आकांताने ब्रेमेनला हाका मारत होती आणि माझी बायको, जिला दूध तापेपर्यंत दम धरवत नाही, ती तिसऱ्या कपाची साय चवीने बघत होती. तो कप संपला तेव्हा तिने चमचा कपात ठेवला, म्हणजे आता पुरे, आणि म्हणाली, "आजी, हे भांड्यांचं कपाट हलवायचंय."

आम्ही तिघांनी एकेक बशी काढून ते ओकचे कपाट रिकामे केले आणि सरकवले. स्वयंपाकघरातला फोन हा अलार्म बसल्यानंतर एनोने ईस्टरला आणलेली भेट, त्यानेच जोडून दिलेली. त्याची तार कपाटामागे जायची, आणि ती पलीकडच्या बैठकीतल्या फोनला जोडली असेल असे हिल्केने धरून चालले होते. तार बैठकीकडे गेलेलीच नव्हती. ती उलट्या बाजूने भिंतीतून जुन्या गोठ्यात गेली होती आणि रस्त्यावरची लाइन घरात शिरते तिथेच, पेटीच्याही आधी, चिकटपट्टीने गुंडाळून जोडलेली होती. त्या फोनचा रिसीव्हर उतरवला की पेटीपर्यंत लाइन पोचायचीच नाही. आजी एकट्या असल्या की रिसीव्हर जागेवर असायचा. पाहुणे आले की खिडकीत. काम करायला आलेली हिल्के पाहुणी नव्हती, म्हणून तिच्यासमोर तो कधी उतरलाच नव्हता.

मला तर नाचावेसे वाटले. "सुटलीस," मी म्हटले. "आता येऊ दे एनोला."

जोड तोडून हिल्केने ती तार पेटीच्या मागच्या बाजूला नेली आणि नीट बसवली. आजी मात्र खुर्चीत अगदी लहान होऊन बसल्या होत्या. आपल्याला या घरातून काढायला आपलाच चहा आणि आपलाच मुलगा निघाला, हे त्यांना कळून चुकले होते. एनोला काय सांगशील, असे त्यांनी हळूच विचारले. हिल्के म्हणाली, जे आहे ते.

रविवारी एनो आला तो दोन रिकाम्या बॅगा घेऊनच. त्या ओसरीत ठेवून तो हिल्केला म्हणाला की तुझ्यावर राग नाही, पण ही लाइन भरवशाची नाही, आणि आईच्या बाबतीत मी जुगार खेळू शकत नाही. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. मला पुढचे ऐकायचे होते.

"तो जोड तू दिलास, एनो," हिल्के म्हणाली. "गोठ्यात, पेटीच्या आधी."

एनो कानापर्यंत लाल झाला. काही बोलायला त्याने तोंड उघडले, पण हिल्के थांबली नव्हती.

"तुला काय माहीत असणार. पण तो जोड शोधणं माझं काम होतं. कपाट जड दिसलं म्हणून तुझी तार कुठे जाते ते मी बघितलंच नाही. आपल्याला सगळं माहीतच आहे असं धरून चालले. इतके दिवस तुझ्या जिवाला घोर लागला तो माझ्यामुळे. माझं चुकलं."

लग्नानंतर हे शेवटचे दोन शब्द मी तिच्या तोंडून ऐकले नव्हते, आणि माझ्या वाट्याला ते अजूनही आलेले नाहीत. तिने आजवर पुरी केलेली सगळी घरे एका बाजूला आणि हे एवढेसे बोलणे एका बाजूला. माझी छाती अशी भरून आली की मला नाक शिंकरायचे निमित्त करावे लागले.

मग ती म्हणाली, आता सगळे चहाला बसा, पाहुण्यासारखे. आम्ही बसलो. आजींनी चहा ओतला आणि हिल्केच्या सांगण्यावरून रिसीव्हर खिडकीत ठेवला, टोपीसकट. एनो साखरेचा चिमटा हातात धरून तसाच राहिला. हिल्केने आजींना मानेने खूण केली. आजींनी गळ्यातले बटण दाबले.

ओसरीत खटखट झाली. मग काहीच नाही. एनोने आईकडे पाहिले. हिल्के कपात बघत होती आणि तिचा अंगठा बशीच्या कडेवर पांढरा पडला होता. आणि मग पेटीतून एका बाईचा आवाज आला, मोठा आणि स्वच्छ, की ब्रेमेनहून बोलतेय, फोल्केर्ट्सबाई, काय झाले, मदत पाठवू का.

आल्मुटआजी ताठ झाल्या. उघड्या दारातून त्यांना पेटी दिसत होती, आणि पेटीखालच्या बॅगाही.

"काही झालेलं नाही, बाई," त्या तिथूनच खणखणीत आवाजात म्हणाल्या. "मी माझ्या घरी आहे, आणि माझ्याकडे पाहुणे बसलेत. आता ठेवा."

एनोने चिमटा खाली ठेवला आणि कप पुढे केला. आईने ओतले तसे तिन्ही कप तो सावकाश प्यायला, कपात चमचा ठेवला, आणि उठून त्या रिकाम्या बॅगा गाडीत नेऊन टाकल्या.