शेवटच्या पंगतीतला बिशप

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. बाबा लेस्टरमध्ये बस चालवत, आई होजिअरीच्या फॅक्टरीत शिलाईला. बीए झाल्यावर मी म्हटलं, एका बेनेडिक्टिन मठातला साधू पुढे बिशप झाला, त्याच्यावर संशोधन करायचंय. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आपल्याला पाद्री कशाला हवा गं? तो देणार आहे का नोकरी?"

"बिशप म्हणजे मठाधिपतीच की," आई म्हणाली. "करू द्या हो तिला."

केंब्रिजला ग्रँटसकट जागा एकच होती. ती हुकली तर कौन्सिलच्या ऑफिसात टायपिंग, हे ठरलेलं.

इंटरव्ह्यूला तीन प्राध्यापक. सर्वांत वयस्कर जे होते त्यांनी बिशपच्या चरित्राचं एक लॅटिन पान पुढे सरकवलं. ते त्याच्या शिष्यानं लिहिलेलं. सगळ्यांचं झाल्यावरच बिशप जेवायचा, असं त्यात होतं.

"यावरून काय दिसतं? वैराग्य?"

"नाही सर. तो यजमान होता."

"म्हणजे?"

"गणपतीत आमच्या मंडळाची पंगत बसते. माझे बाबा वाढतात आणि शेवटच्या पंगतीला बसतात. त्यांना कुणी विरागी म्हणत नाही. वाढता वाढता चार भजी पोटात गेलेली असतात."

बाकीचे दोघे हसले. ते वयस्कर सर नाही हसले. "पुरावा द्या. भजी सोडून."

मी वरच्या ओळीवर बोट ठेवलं. दालनात वाटसरू आणि गरीब जेवायला बसले होते. मग पान उलटून मागची बाजू दाखवली. तिथे पाहुणे नव्हते, आणि बिशप बाकीच्या साधूंबरोबरच, त्यांच्याच वेळेला जेवत होता. "मठाच्या नियमात पाहुण्यांची सरबराई मठप्रमुखानं स्वतः करायची असते. हा बिशप झाला, पण मठाची रीत सोडली नाही."

त्यांनी चष्मा काढून पान डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ वाचलं. मग म्हणाले, "हे पान मी दरवर्षी शिकवतो. ही ओळ कायम ओलांडून गेलो."

संध्याकाळच्या आत जागा माझी झाली. स्टेशनवरच्या फोनबूथमधून घरी फोन केला, तर बाबा पलीकडे एवढ्यांदा ओरडले की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. ती जागा मला कुणी दया म्हणून दिली नव्हती. मी ती वाचून मिळवली होती, आणि हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी डेपोत सगळ्यांना पेढे वाटले. एका ड्रायव्हरनं विचारलं, "पोरगी शिकणार काय तिथे?"

"शिकणार कसली," बाबा म्हणाले, "काल त्यांनाच शिकवून आली."