फॉर्म कुणी भरला

सदलग्याच्या रस्त्याला आमच्या सरकारी मराठी शाळेचं मैदान आहे. मैदान आपलं म्हणायचं, उसाच्या दोन फडांमध्ये उरलेली मोकळी जागा ती. मी तिथं मास्तर. माझी मुलगी थाळीफेक करायला लागली तेव्हा मी स्वतः सिमेंट कालवून तिच्यासाठी तिथं अडीच मीटरचा गोल केला. गावातला एकही जण घमेलं उचलू लागला नाही. उलट, पोरीच्या जातीला हे काय काढलंय, असं दोघंतिघं पाराजवळ बोलल्याचं माझ्या कानावर आलं. मी पाराजवळ जाऊन त्यांना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

थाळी उसात गेली की ती शोधायला आम्ही दोघं फडात शिरायचो. पात्यांनी तिचे हात कापून निघायचे. तिची आई रोज रात्री खोबरेल तेल लावायची आणि रोज मलाच बोलायची. असं करत चार वर्षांत पोर अडतीस मीटरवर गेली. जिल्ह्यात पहिली आली, राज्यात दुसरी आली, आणि अठरा वर्षांखालच्या मुलामुलींची ती मोठी राष्ट्रीय स्पर्धा असते ना, देशभरातली पोरं वीसपंचवीस खेळांसाठी एका शहरात जमतात ती, तिच्यासाठी कर्नाटकाच्या संघात तिचं नाव लागलं. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. म्हणजे पहिली म्हणा, शेवटची म्हणा, संधी हीच.

मग बेळगावहून फोन आला. तुमच्या मुलीची खेळाडू म्हणून नोंद महाराष्ट्रातही दिसते, परवा पडताळणीला कागद घेऊन या.

ही नोंद कशी झाली ते सांगायला हवं. आमच्या सीमाभागात घरोघरी कपाटात एक प्लास्टिकची पिशवी असते, आणि तिच्यात निम्मे कागद इकडचे, कर्नाटकाचे, निम्मे तिकडचे, महाराष्ट्राचे. रेशनकार्ड इकडचं, पहिलं बाळंतपण माहेरी झालं म्हणून जन्मदाखला तिकडचा, एखाद्या भावाचं नाव दोन्हीकडच्या मतदार यादीत. कुणी त्याला खोटेपणा म्हणत नाही. 'असू दे, कधी उपयोगी पडंल' असं म्हणतात. हे वाक्य ऐकलं की आता माझं डोकं फिरतं. दोन राज्यांनी आम्हाला इतकी वर्षं लोंबकळत ठेवलं, त्यातून आम्ही काय शिकलो, तर दोन्हीकडं नाव घालून ठेवायला. आणि ह्याला आम्ही हुशारी समजतो.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही महाराष्ट्रात कागलजवळ तिच्या मामाकडं गेलो होतो. कोल्हापुरात तेव्हा फेकीच्या खेळांचं शिबिर होतं, चांगला शिकवणारा होता, पण शिबिर फक्त महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी. मेव्हणा म्हणाला, "दाजी, पत्ता माझा घाला की. कोण बघतंय?" मी घातला. त्यांच्या ग्रामपंचायतीतून तिचा रहिवासी दाखला काढला, आधारवरचा पत्ता फिरवला, आणि मेव्हण्याच्या सोप्यात बसून त्याच्याच फोनवर शिबिराचा फॉर्म भरला. मीच भरला. पोर तेव्हा आत मामीबरोबर भाकऱ्या थापत होती. त्या फॉर्मवरूनच खेळाडूची त्या राज्यात कायमची नोंद होते, असं खाली बारीक अक्षरांत होतं. मी ते वाचलं नाही. मुलांना वाचायला शिकवायचा मी पगार घेतो. शिबिर संपलं, पत्ता परत इकडचा करून घेतला आणि मी विसरून गेलो.

पडताळणीला आम्ही सकाळच्या बसनं बेळगावला गेलो. ती कर्नाटकाचा नवा ट्रॅकसूट घालूनच आली होती. मी म्हणालो, कशाला, मळेल. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे की आप्पा." एका मोठ्या खोलीत पंचवीसेक मुलं आणि त्यांचे आईबाप बसलेले. कुणाच्या वयाची भानगड, कुणाच्या शाळेची. अकरापर्यंत कागद तपासणारं कुणी आलंच नाही. मी उठून तिथल्या कारकुनावर ओरडलो. पाण्याचा पिंप रिकामा होता, त्यावरून ओरडलो. फॉर्म फक्त कन्नडमध्ये होता, त्यावरून तर फारच ओरडलो. मला कन्नड उत्तम वाचता येतं. आजूबाजूचे आईबाप कौतुकानं बघत होते, एकानं मला जागा करून दिली.

आमचा नंबर लागला तेव्हा आत एक मॅडम होत्या, पन्नाशीच्या. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो, पण त्या बाईंनी भांडायला काही ठेवलंच नाही. आम्हाला बसायला सांगितलं. लेकीला विचारलं, जेवलीस का? मग कागद समोर सरकवला आणि नीट समजावून सांगितलं. नोंद झाली तेव्हा मुलगी लहान होती. आईबापांनी चुकून केलं असेल तर त्यांनी तसं लिहून सही करून द्यावं, मी लगेच वर पाठवते, होऊन जाईल. पण खेळाडूनं स्वतःच दोन राज्यांत नाव घातलं असेल तर माझ्या हातात काही नाही. एवढं बोलून त्यांनी विचारलं, "इदु यार माडिद्रु?" हे कुणी केलं?

मी आहे कर्नाटक सरकारचा मास्तर. माझ्या सहीनं कागद वर जाणार, की ह्या गृहस्थानं आपल्या मुलीचा शेजारच्या राज्यातला रहिवासी दाखला काढला होता. तो कागद तिथंच थांबेल असं कुणी सांगावं? आमच्या शाळेतल्या एकाला याहून किरकोळ गोष्टीसाठी नोटीस आली होती आणि पुढं त्याची पगारवाढ अडली होती. नोकरीची माझी नऊ वर्षं राहिलेली. हे सगळं माझ्या डोक्यात फिरत होतं आणि मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत होतो. आता सांगतो, जरा थांबून सांगतो, असं मनात म्हणत होतो. लेकीनं माझ्याकडं बघितलं. चांगलं बघितलं. मग मॅडमकडं वळून म्हणाली, "नानु, मॅडम." मी.

"तू? तेव्हा पंधरा वर्षांची पण नव्हतीस."

"मामाच्या फोनवर भरला. मला शिबिराला जायचं होतं."

मॅडमना ते पटलं नव्हतं, हे तोंडावर दिसत होतं. त्या माझ्याकडं वळल्या आणि मला चक्क मराठीत विचारलं, "मास्तर, तुम्हाला हे माहीत होतं?"

मी म्हणालो, "नाही."

हा शब्द मी किती हलक्या आवाजात बोललो ते मला आठवतं. मॅडमनी यादीतल्या तिच्या नावावर रेघ ओढली. जिन्यातून उतरताना मला माझाच राग आला होता. पण तेवढ्यातही मी खाली येऊन मोटारसायकल आडवी लावणाऱ्या एका माणसाशी भांडलोच. लाज वाटायला हवी होती, ती सोडून मी त्याची आईबहीण काढत होतो. ती बाजूला उभी राहून माझं आटपायची वाट बघत होती.

परतीच्या बसमध्ये तिनं ट्रॅकसूटचं वरचं काढून घडी करून मांडीवर ठेवलं.  संकेश्वर येईपर्यंत मी मनात तिच्या जागी ज्या मुलीचं नाव लागणार होतं तिला शिव्या देत होतो, मेव्हण्याला देत होतो, त्या बारीक अक्षरांना देत होतो. संकेश्वरच्या पुढं मला राहवेना. मी म्हणालो, "उद्या परत जाऊया गं. मी लिहून देतो. काय व्हायचं ते होऊ दे."

ती खिडकीतून बाहेरच बघत होती.

"यादी आज चारला बंद झाली, आप्पा. मॅडमनी सांगितलंतं मला."

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तुम्हाला पण सांगितलंतं."